हॅम रेडिओ, मदत हवी आहे: हॅण्डी साध्या रबर डकवर रिपीटर ऐकतो, गच्चीवरची अँटेना लावली की बहिरा होतो

नमस्कार मंडळी,

प्रभादेवीला राहतो, सात मजली बिल्डिंग, आम्ही पाचव्या मजल्यावर. हॅम रेडिओचं (छंद म्हणून वायरलेसवर बोलण्याचं) रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन हातात आलंय, व्हीयूथ्रीवाला कॉलसाइन (रेडिओवरची ओळख), त्यामुळे उत्साह भरपूर आणि अनुभव शून्य असा प्रकार आहे, जरा सांभाळून घ्या.

सेटअप असा. ५ वॅटचा ड्युअल बँड चायनीज हॅण्डी (हातातला वॉकीटॉकी). गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या पाइपला बांधलेली तयार ग्राउंड प्लेन अँटेना (मधे एक उभी सळी, खाली तिरक्या चार सळ्या), खोक्यावर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ लिहिलंय. तिथून खाली खिडकीपर्यंत लॅमिंग्टन रोडवरून आणलेली आरजी-५८ केबल, ३० मीटरचं बंडल होतं ते जवळजवळ सगळं लागलं कारण डक्टमधून वळसा घालून आणावी लागली. खाली हॅण्डीच्या टोकाला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलीय त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) मोजला तर १.२, म्हणजे अँटेना झकास असं मी धरून चाललोय.

आता गंमत बघा. गच्चीवर हॅण्डी घेऊन नुसत्या रबर डकवर (हॅण्डीबरोबरची आखूड रबरी अँटेना) उभा राहिलो तर टू मीटरचा (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ बँडचा) रिपीटर (आपला सिग्नल ऐकून पुन्हा जोरात पाठवणारा सेट) काचेसारखा स्वच्छ. घरात बाल्कनीत रबर डकवर थोडी खरखर पण बोलणं कळतं. आणि हीच गच्चीवरची अँटेना केबलने हॅण्डीला जोडली की आवाज खरखरीत बुडतो, कधी कधी तर येतच नाही, आणि मधूनच स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) आपोआप उघडतो आणि आत कुणाचं तरी गाणं घुमतं!! पाठवताना रिपीटर उघडतो, पीटीटी (बोलायचं बटण) सोडल्यावर त्याची शेपटी (रिपीटर बंद होण्याआधीचा क्षणभराचा सिग्नल) ऐकू येते, पण समोरचे म्हणतात नॉइझी आहात आणि आवाज बारीक येतोय.

ओळखीतले एकजण म्हणाले पॉवर वाढव, २५ वॅटचा मोबाईल सेट घे आणि मोकळा हो. बजेट १५ हजारांच्या आतबाहेर आहे. घ्यावा का? की आधी अँटेना बदलू? सेक्रेटरींनी मोठ्या मिनतवारीने परवानगी दिलीय, एकच काठी, दुसरं काही लटकवायचं नाही (त्यांच्या मिसेसना वाटतं हा मोबाईल टॉवर आहे), त्यामुळे वर प्रयोग करायला फार वाव नाही.

ठाणेकर_७३: ऑफसेट (ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) मायनस ६०० किलोहर्ट्झ आहे ना? आणि टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर)? बऱ्याचदा टोन फक्त रिसीव्हला लावलेला असतो आणि ट्रान्समिटला नसतो.

गच्चीवाला (धागाकर्ता): हो हो, ते सगळं चिर्प सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम केलंय, टोन ट्रान्समिटला आहे, रिसीव्हला मुद्दाम ठेवलाच नाहीये. रिपीटर उघडतोय म्हणजे ते बरोबरच असणार ना.

ठाणेकर_७३: मग सेटिंगचा घोळ नाही. आवाज बारीक म्हणतात त्यासाठी एक बघा, मेनूत वाइड आणि नॅरो असतं, ते नॅरोवर असेल तर वाइड करा. टू मीटरचे रिपीटर बहुतेक ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनवाले (आवाजाने फ्रिक्वेन्सी तेवढी हलते), नॅरोवर तुमचं निम्मंच जातं म्हणून आवाज पुटपुटल्यासारखा येतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

जुना_ऑपरेटर: गच्चीवाले, तुमच्याकडे एक नाही तीन दुखणी आहेत आणि तिन्हींवर पॉवर हे औषध नाही.

आधी तो १.२ चा आकडा डोक्यातून काढा. आरजी-५८ टू मीटरवर ३० मीटरला साधारण ६ डीबी खाते. ६ डीबी घट म्हणजे पॉवर पाव. तुमच्या ५ वॅटमधले सव्वा वॅट वर पोचतात आणि उरलेले केबल गरम करतात. आता वर गेलेल्यातलं जे अँटेनावरून परत फिरतं ते खाली येताना पुन्हा ६ डीबी खाल्लं जातं, मग मीटरला परतीचं दिसणार काय, कपाळ? उद्या वर जाऊन अँटेना काढून ठेवा आणि केबलचं तोंड तसंच उघडं सोडा, तरी खाली मीटर १.७ च्या आसपासच दाखवेल. करून बघा, मजा येईल. (हॅण्डी लावून पीटीटी दाबू नका तेव्हा, ॲनलायझरने बघा.) या हिशेबाने खाली १.२ दिसतंय तर वर अँटेनापाशी २ सुद्धा असू शकतं. वाईट केबल एसडब्ल्यूआर नेहमी गोड दाखवते, दुकानदार त्यावरच आपल्याला खूश करून पाठवतात.

म्हणून मोजायचं ते गच्चीवर, अँटेनाच्या बुडाशी. कुणाकडून तरी नॅनोव्हीएनए (खिशातला अँटेना ॲनलायझर) मागा, हल्ली क्लबात चार जणांकडे असतो. एक हात-दीड हाताची छोटी केबल घ्या, त्या केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करा, मगच अँटेना जोडा. कॅलिब्रेशन न करता मोजलं तर तो खेळण्यासारखा काहीही आकडा देतो. आणि खोक्यावर १३६ ते १७४ लिहिलंय याचा अर्थ एवढ्या सगळ्यावर चालते असा नाही, एवढ्यात कुठेही जुळवता येते असा. आपला बँड १४४ ते १४६. उभी सळी पाव तरंगलांबीची, १४५ साठी साधारण ४९ सेंटीमीटर भरते. बुडाशी बारीक ग्रब स्क्रू असेल, तो ढिला करून सळी खालीवर होते. डिप (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी होतो ती जागा) १४५ च्या खाली दिसली तर सळी लांब आहे, एक सेंटीमीटर कमी केलं की साधारण ३ मेगाहर्ट्झ वर सरकते. मोजताना बाजूला व्हा, सळीला मिठी मारून उभं राहिलात तर आकडा तुमच्या पोटाप्रमाणे बदलेल.

आता बहिरेपणा. गाणं ऐकू येतंय ना, तिथेच उत्तर आहे. तुम्ही प्रभादेवीत, वरळीचा दूरदर्शनचा ३०० मीटरचा टॉवर तुमच्या गच्चीतून दिसत असेल, आणि शहरभर एफएमवाले ८८ ते १०८ वर किलोवॉटमध्ये ओततायत. या स्वस्त हॅण्डीत सगळा रिसीव्हर एका चिपवर असतो, पुढे गाळणी म्हणावी अशी जवळपास नसतेच. रबर डक मुळात एवढी मठ्ठ अँटेना की ती सगळंच कमी आणते, म्हणून चिप सुखात राहते. खरी अँटेना लावली की रिपीटरबरोबर अख्ख्या मुंबईचं आरएफ (रेडिओ लहरी) आत घुसतं, चिप गुदमरते आणि तुमचा सिग्नल मरतो. सिग्नल कमी नाहीये, जास्त आहे.

खात्री करायची तर सोपी युक्ती: रिपीटरवर कुणी बोलत असताना केबलचा प्लग हळूहळू उघडत जा, म्हणजे नीट जोडलेला नाही पण जवळ आहे असा. (ऐकतानाच हां, पाठवायचं नाही.) सिग्नल कमी करूनही बोलणं जर साफ व्हायला लागलं तर ओव्हरलोड शंभर टक्के. १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) असेल तर आणखी बरं.

डोंगरयात्री: मधेच विचारतो, माफी. आम्ही ट्रेकला आठ-दहा जण असतो, शिवाय सोसायटीच्या वॉचमननाही वॉकीटॉकी द्यायचा विचार चाललाय. असेच दोन हॅण्डी एकमेकांना जोडून गच्चीवर रिपीटर करता येतो म्हणे, व्हिडिओ पाहिला. करू का?

जुना_ऑपरेटर: नका करू. हॅम बँड लायसनवाल्यांसाठी आणि तोही छंदासाठी, वॉचमनच्या ड्युटीसाठी नाही. तुमच्यासाठी लायसन न लागणारा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ आहे, कमी पॉवरचे सेट, ईटीए (उपकरणाची सरकारी मान्यता) असलेलेच घ्या. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्यांना वॉकीटॉकीवरून नोटिसा काढल्यात, त्या याच कारणासाठी, लोक काहीही उचलून आणत होते. त्या पट्ट्यात रिपीटर नाही, ट्रेकला धारेवरून धारेवर छान चालतं, दरीत उतरलात की संपलं.

राहिला दोन हॅण्डींचा रिपीटर. एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकायचं आणि ६०० किलोहर्ट्झ बाजूला पाठवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? कानाशी तोंड लावून ओरडायचं आणि त्याच कानाने समोरच्या टोकाची कुजबुज ऐकायची. त्यासाठी ८० डीबी किंवा त्याहून जास्त आयसोलेशन लागतं आणि ते कॅव्हिटी डुप्लेक्सरमधून (एका अँटेनावर ऐकणं आणि पाठवणं वेगळं ठेवणारी गाळणी) येतं, टू मीटरचे ते नळकांडे पुरुषभर नाही तरी कंबरेएवढे असतात. बाजारात चपटा डबीएवढा डुप्लेक्सर मिळतो तो ५ मेगाहर्ट्झच्या आसपास अंतर असेल तिथला, ६०० किलोहर्ट्झला उपयोग नाही. शिवाय रिपीटरला वेगळी परवानगी लागते. यावर वेगळा धागा काढा, इथे गच्चीवाल्यांचं राहू द्या.

डोंगरयात्री: बरं झालं विचारलं 😅

गच्चीवाला (धागाकर्ता): अपडेट. जुना_ऑपरेटर साहेब, साष्टांग नमस्कार!

प्लगची युक्ती केली, अक्षरशः प्लग अर्धा उघडा असताना बोलणं स्वच्छ आणि पूर्ण बसवला की चिखल. घरातल्यांना बोलावून दाखवलं, कुणाला काही कळलं नाही पण मला भारी वाटलं.

क्लबमधल्या एकाने रविवारी नॅनोव्हीएनए आणला. वर मोजलं तर डिप १३९ ला आणि १४५ वर एसडब्ल्यूआर २.१, म्हणजे तुमचा अंदाज तंतोतंत. सळी ५१ सेंटीमीटरच्या थोडी वर होती. ग्रब स्क्रू गंजून बसलेला, समुद्राची हवा, डब्ल्यूडी-४० मारून चहा पिऊन आलो तेव्हा सुटला. सळी खाली सरकवत सरकवत डिप १४५.१ ला आणली, आता १.३ आणि हा खरा १.३. वाइड केल्यावर आवाजाची तक्रारही बंद झाली. पाठवलेलं थोडं सुधारलंय पण खरखर आहे असं म्हणतात, आणि ऐकण्याचा प्रॉब्लेम जसाच्या तसा (उलट थोडा वाढला असं वाटतंय, असं होऊ शकतं का?).

आता खरेदीचं सांगा. एसडीआरवाले (कॉम्प्युटरवर रेडिओ ऐकणारे) एफएम बँडस्टॉप (एफएम अडवणारा) फिल्टर वापरतात तो छोटा मिळतो, तो मधे लावला तर भागेल?

जुना_ऑपरेटर: होऊ शकतं, अँटेना सुधारली म्हणजे आत येणाराही वाढला.

तो छोटा फिल्टर ऐकायला चालेल, पण त्यातून ५ वॅट पाठवलेत तर आतले बारीक कॉइल-कपॅसिटर जातील आणि बरोबर हॅण्डीचा फायनलही (पाठवणारा शेवटचा ट्रान्झिस्टर) जाऊ शकतो. हॅण्डीत ऐकायची आणि पाठवायची वाट एकच, त्यामुळे मधे लावायचा तर पॉवर झेपणारा टू मीटरचा बँडपास (तेवढाच बँड आत सोडणारा फिल्टर) हवा, आणि त्याच्या किमतीत तुम्ही निम्म्या मोबाईल सेटपर्यंत पोचता.

म्हणून माझं मत: मोबाईल सेट घ्याच, फक्त २५ वॅटसाठी घेऊ नका, त्याच्या कानांसाठी घ्या. खरा सुपरहेटरोडाइन रिसीव्हर, पुढे नीट फिल्टर असलेला. तिथेच फसगत होते, कारण छोटे स्वस्त मोबाईल सेट मिळतात त्यातल्या काहींच्या पोटात हॅण्डीचीच चिप आणि मागे फक्त मोठा ॲम्प्लिफायर. म्हणजे ओरडतो जोरात आणि ऐकत नाही, आपल्या काही ओळखीच्या लोकांसारखा. दुकानात रिसीव्हर कुठल्या पद्धतीचा ते विचारा, उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात. नामांकित जपानी कंपनीचा जुना सिंगल बँड सेट लायसनवाल्या हॅमकडून मिळाला तर डोळे झाकून, नव्या चायनीजपेक्षा बरा.

पण त्याच्याही आधी केबल. आरजी-२१३ घेतलीत तर ३० मीटरला अडीच-पावणेतीन डीबी जातात, एलएमआर-४०० च्या जातीची घेतलीत तर दीडच्या आसपास. म्हणजे ६ वरून दीडवर आलात की साडेचार डीबी पदरात, आणि हे पाठवताना आणि ऐकताना दोन्हीकडे. ५ वॅटवरून २५ वर गेलात की ७ डीबी, पण ते फक्त पाठवताना. केबलचे पैसे एकदाच जातात, सेट पुढे दहा बदलाल.

पॉवर सप्लायचं: २५ वॅटचा सेट पाठवताना साडेपाच-सहा अँपिअर ओढतो, १० अँपिअरचा घ्या. सीसीटीव्हीचा पत्र्याचा एसएमपीएस स्वस्त असतो, त्याचा प्रीसेट फिरवून १३.८ व्होल्टही करता येतो, पण काहींचा कचरा टू मीटरवर ऐकू येतो. घेण्याआधी चालू करून जवळ हॅण्डी धरा, स्क्वेल्च उघडा ठेवून, सुरसुर वाढली तर परत ठेवा.

लॅमिंग्टनकर: भर घालतो. एलएमआर-४०० म्हणून तसलीच दिसणारी डुप्लिकेट पण फिरते. टोक सोलून बघा, आत फॉइल आणि त्यावर दाट जाळी दोन्ही हवं, जाळीतून फॉइल उघडं दिसत असेल तर सोडा. प्लग क्रिंपवाले तिथेच बसवून घ्या, मीटर लावून शॉर्ट नाही ना तेही तिथेच बघा. एकाच लांबीत घ्या, मधे जोड नको.

गच्चीवाला (धागाकर्ता): ठरलं, आधी केबल मग सेट. एकच शंका, एवढी जाड केबल खिडकीच्या स्लायडिंगमधून आत कशी आणू? आणि तोपर्यंत हॅण्डीलाच जोडायची तर त्याचं ते इवलंसं तोंड तुटेल ना?

जुना_ऑपरेटर: तुटेलच. जाड केबल खिडकीबाहेर भिंतीला क्लॅम्प करून संपवा, काटकोनात मोडू नका, हळू वळवा. तिथून आत एक मीटर आरजी-५८ चा तुकडा, आहे त्यातलाच कापा, एवढ्याला ०.२ डीबी जातो, चालतंय. हॅण्डीच्या टोकाला पातळ पिगटेल (बारीक केबलचा छोटा तुकडा), म्हणजे वजन त्याच्यावर येत नाही. तुमच्या सेटला बाहेर पिन असलेला एसएमए (अँटेनाचा छोटा स्क्रूवाला कनेक्टर) आहे की भोकवाला ते बघून घ्या, नाहीतर पुन्हा ग्रँट रोडची वारी.

आणि जे काय करायचं ते मेच्या आत. वरच्या प्लगला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधी काळी टेप, आणि खिडकीत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. एकदा जाळीत पाणी शिरलं की बाहेरून केबल नवी दिसते आणि आत हिरवी झालेली असते.

७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा)