ब्रह्मपुरीची टेकडी विद्यार्थ्यांना दाखवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (इतिहास शिक्षिका, कागल):
नमस्कार. पाठ्यपुस्तकात सातवाहनांचा धडा आला की मुले पैठण आणि नाशिकची लेणी एवढेच लिहितात. आपल्याच जिल्ह्याच्या गावी, कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठावर, त्याच काळातील एक भरभराटीचे नगर होते हे त्यांच्या कानावरही गेलेले नसते. म्हणून नववीच्या वर्गाला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर नेण्याचा विचार आहे. तिथे प्रत्यक्ष काय पाहायला मिळते आणि मुलांना काय दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (शिवाजी पेठ, कोल्हापूर):
बाई, आपला विचार फार मोलाचा आहे, मात्र एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. टेकडीवर आज वस्ती आहे. उत्खननाचे खड्डे उघडे नाहीत, पडक्या भिंती नाहीत, त्यामुळे पूर्वतयारीशिवाय गेलेल्या मुलांना शहरातला एक उंचवटा एवढेच दिसेल. तेव्हा प्रथम सीपीआर रुग्णालयासमोरील टाऊन हॉल संग्रहालयात जावे आणि तिथून टेकडीकडे यावे. आधी वस्तू डोळ्यांखालून गेल्या, की त्या जमिनीवर उभे राहण्याला अर्थ येतो. आमच्या भागातील पुष्कळ माणसे पंचगंगा घाटावर रोज जातात, पण शेजारची ही टेकडी त्यांच्या लेखी नसतेच, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर (पुरातत्त्वाचा विद्यार्थी, पुणे):
वरील सूचनेशी पूर्ण सहमत आहे. संग्रहालयात सर्वांत अधिक वेळ पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या ब्राँझच्या मूर्तीपुढे द्यावा. तिची उंची वीतभरही नाही आणि हातातला त्रिशूळ आता उरलेला नाही, तरीही शरीराचा तोल आणि स्नायूंची घडण इतकी सफाईदार आहे की ही इथल्या कारागिराची शैली नव्हे, हे मुलांच्याही लक्षात येईल. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीत ब्राँझच्या वस्तूंचा जो साठा मिळाला, त्यात ही मूर्ती होती, आणि सोबत रोमन जगातून आलेली भांडी व आरसाही होता. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, ही मूर्ती कशी आली असेल, हा प्रश्न मुलांनाच विचारावा आणि नकाशा हाती देऊन कोकणातील बंदरे व घाटवाटा त्यांनाच शोधायला लावाव्यात. माझ्या मते याहून चांगला धडा वर्गात शिकवता येणार नाही.

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन विटांची घरे आढळली. त्याच टेकडीच्या वरच्या थरांत बहमनी काळातील रंगीत काचेच्या बांगड्याही मिळाल्या, म्हणजे एकाच जागेवर माणसे शतकांच्या अंतराने पुन्हापुन्हा राहायला आली. थर म्हणजे काय, हे समजावण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

उत्तर (नाणेसंग्राहक, सांगली):
नाण्यांचा उल्लेख राहून गेला. कोल्हापूर परिसरात विळिवायकुर, सिवलकुर अशा राजांची नाणी मिळतात. त्यांतील बरीच शिशाची असून एका बाजूला धनुष्यबाण असतो. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने हिप्पोकूरा ही बालेओकुरोस राजाची राजधानी म्हणून नोंदवली आहे, आणि हा राजा म्हणजेच विळिवायकुर असे मत रा. गो. भांडारकरांनी मांडले होते. आपल्या मातीतील राजाचे नाव परदेशी ग्रंथात सापडते, हे ऐकून मुले नक्कीच कान टवकारतील.

एक विनंती मात्र आवर्जून करतो. टेकडीवर खापराचा तुकडा दिसला तर मुलांनी तो तिथेच पाहावा, त्याचे चित्र काढावे, पण खिशात घालू नये. जागेवरून हललेल्या खापराचा काळ ठरवणे फार कठीण होते. पावसाळ्यात पंचगंगेला पूर असतो, तेव्हा सहल दिवाळीनंतर ठेवावी आणि संग्रहालयाच्या वेळा व सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.