मदत हवी आहे: 'अवाढव्य'ला इंग्रजीत काय म्हणू?

सोळानंबरी
नमस्कार. 'अवाढव्य', 'प्रचंड मोठं' यासाठी चांगला इंग्रजी शब्द हवाय. बिग, लार्ज, ह्यूज नकोत. माझ्या दोन पानांत ह्यूज सात वेळा आलाय आणि मला स्वतःलाच ऐकवत नाही. उद्या सकाळी नऊला बोलायचं आहे. कृपया लवकर सांगा.

शब्दसाठा
जायगँटिक, एनॉर्मस, कोलॉसल, इमेन्स, मॅसिव्ह, मॅमथ, व्हास्ट, ट्रिमेंडस, मॉन्युमेंटल. घ्या, नऊ झाले.

सोळानंबरी
आभार, पण यादी नेटवर मिळालीच होती, पन्नास शब्दांची. कुठला कुठे लावायचा तेच कळत नाही.

निवृत्त_माई
कशाबद्दल बोलायचं आहे ते लिहा ना. समुद्राला एक शब्द, हत्तीला दुसरा, भिंतीला तिसरा. आपण विहिरीला अथांग म्हणू, पोत्याला म्हणू का? व्हास्ट पसरलेल्याला लागतो: वाळवंट, माळरान. मॅसिव्हमध्ये वजन आहे: खांब, शिळा, दरवाजे. इमेन्स म्हणजे मुळात 'न मोजलेलं', आपल्या 'अमाप'सारखाच घडलेला शब्द. एनॉर्मसमध्ये 'नॉर्मा' आहे, म्हणजे लॅटिनमध्ये सुताराचा गुण्या. जे गुण्यात बसत नाही ते एनॉर्मस. पण त्यावरून एनॉर्मिटी वापरायला जाऊ नका. काटेकोर इंग्रजीत तो घोर दुष्कृत्याला लागतो, आकाराला नाही.

कोटीच्या_कोटी
मोठ्या संख्या हव्या असतील तर: दहा लाख म्हणजे मिलियन, शंभर कोटी म्हणजे बिलियन, एक लाख कोटी म्हणजे ट्रिलियन. आपल्याकडे पुढे खर्व, निखर्व आहेत.

सोळानंबरी
संख्या नकोत हो.

भटक्या७७
जगरनॉट वापरा! आपला शब्द आहे, पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून गेलेला. इंग्रजांची यादी कशाला चाळायची?

निवृत्त_माई
नको. इंग्रजीत जगरनॉट म्हणजे समोर येईल ते चिरडत जाणारी, न थांबणारी शक्ती. रथाखाली लोक जीव देतात अशी भडक वर्णनं परदेशी प्रवाशांनी नेली, त्यातून तो अर्थ चिकटला. ब्रिटनमध्ये मोठ्या मालट्रकलाही जगरनॉट म्हणतात. उभ्या वस्तूला तो शोभत नाही.

भटक्या७७
म्हणूनच आपण तो योग्य अर्थाने वापरून परत मिळवायला हवा.

निवृत्त_माई
उद्या नऊ वाजता नको. ऐकणाऱ्याच्या मनात जो अर्थ आहे तोच त्याला ऐकू जाणार.

प्राणीप्रेमी_सातारा
जंबो कुणीच कसा सुचवला नाही? लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हत्ती होता तो. १८८२ साली अमेरिकेतल्या बार्नमच्या सर्कशीने विकत घेतला, लंडनची मुलं रडली. तीन वर्षांनी कॅनडात रेल्वेच्या धडकेत गेला बिचारा. त्याच्यामुळेच हा शब्द जगभर झाला.

शब्दसाठा
जंबो वडापावाला ठीक आहे. सोळानंबरी, वस्तू कोणती ते सांगाल का? आणि हे सोळा नंबर काय आहे?

सोळानंबरी
अरे, लिहिलं नाही का मी? सोळा नंबर म्हणजे वेरूळची सोळा नंबरची लेणी, कैलास. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. मला गाईडचा परवाना नुकताच मिळालाय, उद्या पहिलाच परदेशी गट आहे. मामा तीस वर्षं गाईड आहे, पण त्याचं सगळं हिंदी-मराठीत.

घाटवाट
उद्या मंगळवार नाही ना? वेरूळ मंगळवारी बंद असतं.

सोळानंबरी
माहीत आहे, रोजचंच आहे. उद्या बुधवार.

निवृत्त_माई
हे आधी सांगायचं ना गं! कैलासचं मोठेपण एका शब्दात मावणार नाही, जागेनुसार वाटून दे. अंगण साधारण ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद आहे, तिथे इमेन्स. व्हास्ट नको, चारही बाजूंनी कोंडलेली जागा आहे ती. खांबांना मॅसिव्ह. कोलॉसल हा मुळात पुतळ्याचा शब्द. ऱ्होड्स बेटावर सूर्यदेवाचा शंभर फुटांहून उंच पुतळा होता, कोलॉसस, त्यावरून आलेला. तो कांस्याचा, खालून वर चढवत नेलेला. कैलासही शंभर फुटांच्या घरात, पण वरून खाली कोरत आणलेला. तुझ्या पाहुण्यांना ही तुलना लगेच भिडेल.

शब्दसाठा
मोनोलिथिक राहिला. एकाच कातळातलं. हा तर हवाच.

ताम्रपट
विशेषणांच्या मागे लागू नका. राष्ट्रकूट कृष्णराजाने, म्हणजे पहिल्या कृष्णाने, आठव्या शतकात हे काम करवलं. पुढे नवव्या शतकातल्या बडोद्याच्या ताम्रपटात एलापूरच्या मंदिराचं वर्णन येतं: विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि घडवणारा शिल्पीच म्हणाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं! बाराशे वर्षांपूर्वीचं कौतुक आहे. हे सांगा, पन्नास शब्दांची गरज नाही.

भटक्या७७
काही व्हिडिओंत म्हणतात की हे माणसाचं काम नाहीच, परग्रहावरून कुणी…

ताम्रपट
कृपा करून हे पाहुण्यांना सांगू नका. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. ज्यांनी पिढ्यानपिढ्या घण मारले त्यांचं श्रेय काढून घेणं मला सहन होत नाही.

सोळानंबरी
अगदी खरं. मीही आधी ते घावच दाखवणार आहे.
माई, स्टुपेन्डस कसा वाटतो? उच्चार नीट होत नाहीये.

निवृत्त_माई
चांगला आहे, थक्क करणारं या अर्थाचा. स्ट्यू-पेन्-डस, जोर 'पेन्'वर. ताम्रपटाची गोष्ट सांगितल्यावर लगेच म्हण, तिथे बसेल.

इंग्रजी_सोपं
बोलण्याची भीती वाटत असेल तर रोज आरशासमोर दहा मिनिटं…

सोळानंबरी
भीती नाही वाटत, शब्दच कमी पडत होते. आता असं ठरवलंय: दारातून आत शिरल्यावर काहीच बोलायचं नाही, त्यांना वर बघू द्यायचं. मग मोनोलिथिक. कोलॉसल एकदाच, मंदिर पाठीवर घेतलेल्या हत्तींच्या रांगेपाशी, ऱ्होड्सच्या पुतळ्यासकट. शेवटी ताम्रपट आणि स्टुपेन्डस. मामाला मराठीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'वरून खाली' हे सगळ्यात आधी सांग, नाहीतर लोकांना ते बांधलंय असंच वाटत राहतं. तेवढं पहिल्या वाक्यात घातलं. ह्यूज एकदाही राहिला नाही. सहाची एसटी आहे, झोपते.