एक्स्प्रेस तिकीट आणि उंचीची पट्टी

अम्युझमेंट पार्कमध्ये जास्त पैसे भरून लांब रांग टाळायचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. 'ज्याला परवडतं त्याने ते घ्यावं, बाकीच्यांचं काय बिघडतं?' असं काही जण विचारतात. बिघडतं हो! समजा, एका राइडची 24 जणांची गाडी दर 3 मिनिटांनी सुटते, म्हणजे तासाला 480 माणसं. त्यातल्या निम्म्या जागा एक्स्प्रेसवाल्यांना दिल्या की साधी रांग निम्म्याच वेगाने सरकणार. राइड काही वाढत नाही, आपला तास मात्र दोन तासांचा होतो. डिस्नेने आपल्या पार्कमध्ये 1999 मध्ये फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळायचा पास, आणला तेव्हा तो फुकट होता. 2021 मध्ये तो बंद करून पैशांची सोय सुरू केली. (आपण नाशिककर त्र्यंबकेश्वरला 200 रुपये भरून लवकर दर्शन घ्यायच्या रांगेला सरावलोय, म्हणून आपल्याला यात काही वाटत नाही.)

मला खरा राग येतो तो तिकिटाच्या दरांचा. दिवाळीच्या सुट्टीत पहाटे पाचला नाशिकहून निघून एका पार्कला गेलो. गेटवर लेकीला उंची मोजायच्या पट्टीपाशी उभं केलं, बूट घालूनच, आणि 'मोठी' ठरवून पूर्ण तिकीट फाडलं. आत मोठ्या राइडपाशी पोचलो तर तिथल्या माणसाने बूट काढायला लावले आणि म्हणाला, 'दोन बोटं कमी आहे, नाही चालणार.' तोवर रांगेत सव्वा तास गेला होता. आईचे गुडघे दुखतात, ती दिवसभर बाकावर पर्स सांभाळत बसली. तिचंही तिकीट जवळपास तेवढंच. नुसतं सोबत येणाऱ्यांसाठी वेगळं, स्वस्त तिकीट ठेवायला काय हरकत आहे? आणि राइडची उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी लावा की!