बारावीनंतर उपयोजित कला की नर्सिंग? मुलीचा जीव दोन्हींत अडकला आहे

प्रश्न – चिंचपोकळीची आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा देत असून तिच्याकडे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय आहेत. शाळेत असताना तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी मिळवली, आणि तेव्हापासून जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातच शिकायचे असे मनाशी धरून ठेवले. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना कुशीवर वळवणे, भरवणे, पडून राहून झालेली जखम (बेडसोअर) धुणे, उजव्या हाताचे व्यायाम करून घेणे हे सगळे ती कोणी न सांगता करू लागली, आणि आता नर्सिंगला जाऊ का, असे विचारते आहे. तिचे वडील म्हणतात की चित्रे काय, रविवारीही काढता येतात. मला ते पटत नाही, पण त्यावर उत्तरही सुचत नाही. डॉक्टर व्हायचे नाही म्हणून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अर्ज अजून भरलेला नाही.

उत्तर १ – अक्षरवेडा, गिरगाव

ताई, उपयोजित कलेच्या चार वर्षांत मनाला येईल ते चित्र काढायला फारसा वाव मिळत नाही, ही गोष्ट तिच्या वडिलांना आणि तिलाही आधी कळावी. अक्षररचना, वेष्टन, जाहिरात, छायाचित्रण, संगणकावरील मांडणी अशी ती शिस्त आहे. रात्र जागून केलेले काम सकाळी ‘पुन्हा करून आणा’ या शेऱ्यासह परत येते, आणि पुढे ग्राहकही तेच करतो. ते सोसून दुसरा आराखडा करावासा वाटणारी मुले या क्षेत्रात टिकतात. प्रवेशासाठी राज्याची सीईटी म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा असते आणि तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र घड्याळ लावून काढावे लागते. बादली, तिच्यावर टाकलेला टॉवेल, शेजारी दोन कांदे, असा सराव आजपासून रोज करावा. कोणत्याही शाखेची बारावी चालत असल्याने विज्ञानाची दोन वर्षे वाया गेली असे समजू नये. रंग, कागद आणि छपाईचा खर्च मात्र शुल्काव्यतिरिक्त धरून ठेवावा.

उत्तर २ – निवृत्त सिस्टर

मी पालिकेच्या रुग्णालयात उभी हयात काढली. घरी एक आजी असते आणि ती आपली असते. वॉर्डात अनेक अनोळखी माणसे असतात, त्यांतली काही खेकसतात, आणि प्रत्येकाचे औषध, सलाईन, लघवीचे माप वेळेवर लिहून पुढच्या पाळीच्या हाती सोपवावे लागते. हात चांगला असणे पुरेसे नाही, नोंद चोख हवी. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी वेगळी सीईटी आहे. जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची आहे. दोन्हींनंतर परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. रात्रपाळी कोणालाही चुकत नाही. तुमच्या लेकीला बेडसोअरची जखम धुताना किळस आली होती का, हे तिला एकदा विचारा. आली असेल आणि तरीही तिने ती धुतली असेल, तर काळजी नाही.

उत्तर ३ – ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शीव

आपल्या प्रश्नातील ‘उजव्या हाताचे व्यायाम’ या शब्दांपाशी मी थांबले, कारण ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमवून देण्याचे, माझे सारे काम तिथूनच सुरू होते. अर्धांगवायूनंतर आजींना ब्लाउजची हुकं एका हाताने कशी लावता येतील, चमच्याची मूठ किती जाड केली म्हणजे तो पकडीत राहील, वळलेली बोटे सरळ ठेवणारा स्प्लिंट कसा बेतावा, हे आम्ही ठरवतो. स्प्लिंटसाठी आधी कागदावर रुग्णाच्या हाताची बाह्यरेषा काढायची, त्यावरून नमुना कापायचा, मग गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा हातावर बसवून आकार द्यायचा. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींचे ड्रॉइंग चांगले होते, त्यांचे स्प्लिंट रुग्ण कुरकुर न करता वापरत.

हे शिक्षण मुंबईत बाहेरून आलेले नवे खूळ नव्हे. देशातील या विषयाचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी 1950 मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. नायर आणि शीवच्या रुग्णालयांतही तो विभाग आहे. मी शिकले तेव्हा इंटर्नशिप धरून साडेचार वर्षे लागत. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत बोलण्याच्या व ऐकण्याच्या दोषांवरील उपचारांचाही पदवी अभ्यासक्रम आहे, पण आपल्या मुलीचा कल पाहता मी हातांच्या कामाकडेच बोट दाखवीन.

एक अडचण मात्र आहे. ऑक्युपेशनल थेरपीचा प्रवेश महाराष्ट्रात नीटच्या गुणांवर होतो. म्हणून डॉक्टर व्हायचे नसले तरी अर्जाची मुदत संपण्यापूर्वी तो भरून टाकावा.

चिंचपोकळीची आई

आपणा सर्वांचे आभार. जखमेबद्दल विचारले. पहिल्या दिवशी ती मोरीत जाऊन उलटी करून आली होती आणि मग तिनेच ड्रेसिंग पुरे केले, हे मला आजवर ठाऊक नव्हते. चमच्याचे वाचून ती उठून गेली आणि सासूबाईंच्या चमच्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घेऊन आली. चित्रकलेची सीईटी आणि नीट असे दोन्ही अर्ज आज रात्री भरत आहोत. थेरपीचा विभाग एकदा आतून पाहायचा असल्यास परवानगी कोणाकडे मागावी?

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शीव

विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज लिहून सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत जावे. परवानगी मिळाल्यास तो ट्यूबवाला चमचा सोबत न्यावा.