जुन्या फर्नेसचा गॅस व्हॉल्व्ह बदलताना आलेले अनुभव

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या तळघरात जुनी फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, अजून टिकून आहे. तिच्या बर्नरकडे जाणारा गॅस सोडणारा व बंद करणारा गॅस व्हॉल्व्ह बिघडल्याचे निदान कसे झाले आणि तो बदलताना काय काय तपासले गेले, हे कृपया सविस्तर लिहावे. व्हॉल्व्ह उघडून आतून दुरुस्त करण्याचे सल्ले मात्र देऊ नयेत. आलेले अनुभव खाली दिले आहेत.

मिशिगनहून

आमच्याकडे थर्मोस्टॅटचा आदेश मिळताच धूर ओढणारा पंखा सुरू होत असे, गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक तापत असे, पण व्हॉल्व्ह उघडल्याचा 'टक्' आवाज येत नसे आणि थोड्या वेळाने तोच क्रम पुन्हा सुरू होई. तंत्रज्ञाने घाई केली नाही. इग्नायटर तापलेला असताना त्याने व्हॉल्व्हच्या टोकांना मीटर लावला. तेथे 24 व्होल्ट येत होते आणि मागून येणाऱ्या गॅसचा दाबही योग्य होता, तेव्हाच त्याने व्हॉल्व्हला दोष दिला. वीज पोहोचत नसती, तर बिघाड फर्नेसचा क्रम चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डात, पंख्याची ओढ तपासणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा लागला असता आणि महागडा व्हॉल्व्ह बदलूनही घर थंडच राहिले असते.

मिनेसोटाहून

माझा अनुभव व्हॉल्व्ह न बदलण्याचा आहे. आमच्या फर्नेसला बर्नर पेटवण्यासाठी कायम जळणारी छोटी पायलट ज्योत आहे आणि ती पेटवताना दाबलेले बटण सोडताच ती विझत असे. ज्योतीत बसवलेले थर्मोकपल (उष्णतेपासून वीज तयार करणारा भाग) सुमारे 30 मिलिव्होल्ट निर्माण करते आणि त्याच्याच बळावर व्हॉल्व्हमधील सुरक्षा-चुंबक गॅसचा मार्ग उघडा धरून राहते. आमचे थर्मोकपल जेमतेम काही मिलिव्होल्ट देत होते. तो स्वस्त भाग बदलला आणि काम भागले.

मॅसॅच्युसेट्सहून

येथे गॅसचे काम परवानाधारकानेच करावे असा कायदा आहे, आणि तो मला रास्त वाटतो. आमच्या तंत्रज्ञाने गॅस व वीज दोन्ही बंद केली, पाइपला पीळ बसू नये म्हणून दोन पाने (रेंच) वापरले, गॅससाठीची पिवळी टेप लावली आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहिले. खरे कौशल्य त्यानंतर दिसले. बर्नर चालू असताना त्याने मॅनोमीटर या दाबमापकाने गॅसचा दाब मोजला आणि फर्नेसवरील पाटीनुसार तो पाण्याच्या स्तंभाच्या 3.5 इंचांवर आणला. ही मोजणी न करता कोणी निघू लागला, तर त्याला थांबवावे असे माझे मत आहे.

ऑन्टॅरिओहून

आमची फर्नेस प्रोपेनवर चालते आणि तिला सुमारे 10 इंच दाब लागतो. नवा व्हॉल्व्ह नैसर्गिक वायूसाठी बेतलेला आला होता, त्यामुळे त्यातील दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची स्प्रिंग आधी बदलावी लागली. त्याच भेटीत हीट एक्स्चेंजरला (ज्वलनाचा वायू घरातल्या हवेपासून वेगळा ठेवून उष्णता देणाऱ्या धातूच्या भागाला) तडे आहेत का, हेही पाहून घेतले. तो तडकला असता तर कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्यामुळे व्हॉल्व्हवर खर्च न करता फर्नेसच बदलली असती.