पेडल स्टीलकडे वळण्याआधी तिरका बार यायलाच हवा का?

सहासुरी: स्टील गिटारच्या जुन्या रेकॉर्ड्स ऐकून शिकणाऱ्याने सुरुवातीला पेडलच्या, म्हणजे पायाने दाबून तारेचा स्वर बदलणाऱ्या कळीच्या, वाट्याला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. स्टील गिटारवादक जेरी बर्ड बिनपेडलचीच गिटार वाजवत राहिले. त्यांचं सी सिक्स्थ ट्यूनिंग घ्या: पहिल्या तारेपासून ई, सी, ए, जी, ई, सी. बाराव्या फ्रेटवर बार (तारांवर धरायचा धातूचा दांडा) सरळ ठेवून चौथी आणि पहिली तार छेडा, जी-ई मिळेल. पुढची जोडी ए-एफ. तिला बार उलटा तिरका करावा लागतो: चौथी तार 14 वर, पहिली 13 वर. मग 16 आणि 15 वर बी-जी, आणि 17 वर बार पुन्हा सरळ, सी-ए. एवढ्या चार जोड्या सुरात आल्या की रेकॉर्डमध्ये काय चाललंय ते कानाला उलगडायला लागतं.

खरज: दोन तारांपुरतं ठीक. तिसरी मध्ये घेतलीत की ती दोन फ्रेटच्या अधेमधे लटकते आणि कॉर्ड बेसूर. शिवाय फ्रेट वर वर अरुंद होत जातात, त्यामुळे तिसऱ्या फ्रेटवर बसलेला कोन पंधराव्यावर चालत नाही. पेडल आलं ते याचसाठी. वेब पिअर्स यांच्या 1954 च्या ‘स्लोली’ या गाण्यामध्ये बड आयझॅक्स यांचं पेडल ऐका: एक स्वर जागेवर ठाम आणि दुसरा त्याला घासत वर सरकतोय. तिरक्या बारने हे करायला गेलं की थांबलेला स्वरही डगमगतो. ई नाइन्थ या पेडल स्टीलच्या ट्यूनिंगवर ए पेडल बीला सी शार्पवर नेतं, बी पेडल जी शार्पला ए वर. तिसऱ्या फ्रेटवर दोन्ही दाबा, बार न हलवता जी कॉर्डचा सी होतो.

सहासुरी: तीन तारांचं मान्य. पण ए-बी, ए-बी करत सगळ्यांचं वाजवणं एकाच बिजागरीवर फिरायला लागतं, त्याचं काय? सोल हूपी यांच्या 1920 च्या दशकातल्या रेकॉर्ड्स ऐका. ना पेडल, ना वीज, आणि प्रत्येक फ्रेज वेगळी!

मींडप्रेमी: हार्मनीवरच अडकलात दोघंही. ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममधली (1967) गिटार ऐका, तिथे सगळं एका तारेवरच्या मींडेत आहे. व्हॅन शिपली यांनी वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धूनही ऐका. खरी गोम बार धरण्यात आहे. साध्या गिटारवर बोट फ्रेटच्या मागे दाबतो, इथे बार बरोबर फ्रेटच्या डोक्यावर हवा. तोही वरून बघायचा, बाजूने बघितलं की अंदाज चुकतो. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर टेकलेली राहू द्या. उचलली की तारेचा बारमागचा तुकडाही वाजतो आणि खरखर येते. आणि कंप स्वर लागल्यावर द्यायचा. नवशिके आधीच बार हलवायला लागतात, मग बेसूर झाकला जातो आणि स्वतःलाही कळत नाही.

खरज: हे शंभर टक्के. यात एक भर: तानपुरा लावून सराव करणार असाल तर ई नाइन्थची जी शार्प तार ट्यूनरच्या काट्यावर ठेवू नका. ई सा धरला तर तो गंधार. शुद्ध गंधारासाठी ती साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवावी लागते.

सहासुरी: साथीला कीबोर्ड असेल तर मात्र 14 नको, त्याच्या गंधाराशी खटकेल. निम्मं उतरवा.