छतांवरील सौर वीज आणि गल्लीच्या टोकाचे व्होल्टेज

प्रश्न: सोलापुरातील आमच्या वसाहतीत एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) अनेक सौर छते आहेत. एप्रिलच्या दुपारी, विशेषतः यंत्रमाग बंद असलेल्या दिवशी, टोकाच्या घरांत व्होल्टेज चढते. २३० व्होल्टवर ६ टक्के, म्हणजे सुमारे २४४ व्होल्टची मर्यादा किती वेळा ओलांडली जाईल, हे सरासरी भारावरून (वीजवापरावरून) काढता येईल काय?

उत्तर १: सरासरी फसवी ठरेल. लघुदाब (घरांपर्यंत येणाऱ्या) तारांत रोधाचा (वीजप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) वाटा मोठा असल्याने रोहित्राकडे उलट वाहणारी वीजच व्होल्टेज चढवते, आणि ती वेळ मोजक्याच तासांची असते. मॉन्टे कार्लो पद्धतीने प्रत्येक घराचा भार आणि ऊन यादृच्छिकपणे (चिठ्ठी काढल्यासारखे) निवडून हजारो वेळा भारप्रवाह, म्हणजे तारांतील वीज आणि ठिकठिकाणचे व्होल्टेज यांचे गणित, सोडवावा. मर्यादा ओलांडणाऱ्या वेळांचे प्रमाण हीच संभाव्यता.

उत्तर २: एक दुरुस्ती. भार बहुतांशी स्वतंत्र असले तरी आकाश एकच आहे! छतांचे उत्पादन परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास चढउतार कागदावर एकमेकांना खोडतात आणि धोका प्रत्यक्षाहून कमी दिसतो. एकफेजी (तीनपैकी एकाच फेजच्या) जोडण्या कोणत्या फेजवर आहेत, हेही तपासावे.

प्रश्नकर्ता: फेजची नोंद आमच्याकडे नाही.

उत्तर २: मग फेजही यादृच्छिकच निवडा.